पिवळा मासा सापडला

बाबा,

पिवळा मासा सापडला! सकाळी टाकीतला दिवा लावला, तर महाशय वाळूतून डोकं काढून बघत होते. घाबरला की तो स्वतःला वाळूत पुरून घेतो म्हणे. म्हणजे तुम्ही झाकण उघडं ठेवलं नव्हतं, आणि तो उडी मारून गेलाही नव्हता. काल मी उगाच तुम्हाला नाही नाही ते बोलले. चुकलंच माझं.

दाराशी तुमची भरलेली बॅग दिसली. कपडे परत कपाटात लावलेत. चहा थर्मासमध्ये आहे.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, कारण तुमचा चष्मा मी ऑफिसला घेऊन चाललेय. त्याच्याशिवाय तुम्हाला बसचा नंबर वाचता येत नाही.

तुमची तोंडाळ सून