हाताचा वारसा

४ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न.

मी दुकान सोडल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. पत्र तरी वाचाल. घड्याळं दुरुस्त करायचा कंटाळा आला म्हणून कॉम्प्युटर शिकायला गेलेली मुलगी इथे येऊन पुन्हा घड्याळंच करतेय, हे ऐकून हसू तरी येईल.

बाईंनी प्रोग्रॅम लिहिण्यातला 'क्लास' शिकवला. क्लास म्हणजे आराखडा. मी 'घड्याळ' लिहिलं: त्याला वेळ असते, ते काटे पुढे सरकवतं. या आराखड्यावरून हवी तितकी घड्याळं करायची, प्रत्येकाची वेळ आपापली. मग 'गजराचं घड्याळ' केलं. ते पहिल्याचं लेकरू, म्हणून काटे सरकवणं पुन्हा लिहावं लागलं नाही, आपसूक आलं. मी फक्त गजर घातला. याला इनहेरिटन्स, म्हणजे वारसा, म्हणतात. लेकराला एखादी गोष्ट वेगळ्या तऱ्हेने करायची असेल, तर ती त्याच नावाने नव्याने लिहायची. मग त्याचंच चालतं.

गुडघा कसा आहे? राग ओसरला की दोन ओळी पाठवा.

तुमची बारकी

११ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

अक्षर तुझ्या आईचं, सांगणारा मी. मला आता पेन धरवत नाही. चिमट्यात स्क्रू राहत नाही, म्हणून दुकानही बंदच आहे.

घड्याळाचं समजलं. एक विचारतो. मूळ आराखड्यातच खोट असेल, तर ती लेकरात उतरते का?

विचारतोय ते तुझ्या पत्रामुळे. काने सगळे वेडेवाकडे आलेत. आईला वाटतं, बसमध्ये लिहिलं असशील. मी हे अक्षर ओळखतो. खरं काय ते कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस, असं आई मध्येच सांगतेय.

बाबा

१७ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

उतरते. कोणी मुद्दाम घालत नाही, तरी उतरते.

कंटाळ्याचं खोटं होतं. तुमच्या शेजारी काम करतानाच माझा हात थरथरू लागला. तुम्ही पाहिलं असतंत तर स्वतःला दोष देत बसला असतात, म्हणून निघाले. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. तुमचंच आहे ते. जिवाला धोका नाही, हळूहळू वाढेल. कीबोर्डवर अजून निभावतं. पुढचं माहीत नाही. भीती वाटते, बाबा.

माया असू द्या.

बारकी

२३ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आईने पत्र वाचून दाखवलं. माझं दुसरं काही घेतलं असतं पोरीने, असं म्हणालो तर आई रागावली.

तुझ्या आजोबांचा हात कायम कोटाच्या खिशात असायचा. आम्हाला कधी जवळ घेतलं नाही. मी त्यांना तुसडे समजत राहिलो. ते गेल्यावर माझा हात थरथरू लागला, तेव्हा उमगलं. मग मीही तेच केलं. चारचौघांत चहाचा कप उचलणं सोडलं. तू मात्र तोंडाने सांगितलंस. आपल्या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

रविवारी ये. जेवताना हात टेबलावरच ठेव. माझाही तिथेच असेल.

तुझेच,
बाबा