माझ्याबद्दल बरं लिहिणारा माणूस

३ फेब्रुवारी
ठरलं. व्हरमाँटला जायचं, माझ्या कोरिनच्या कॉलेजात ॲडमिशन घ्यायची. आधीचं कॉलेज मी सोडलं, त्यांनी मला काढलं नाही, नोंद असावी. मुदत १ मार्च. शिकवणाऱ्या एकाचं शिफारसपत्र हवं, बस. रांग लागेल. प्रश्न एवढाच, की मान कुणाला द्यायचा.

५ फेब्रुवारी
लिंडक्विस्ट सरांना दिला. सोडलेल्या कॉलेजातले, केमिस्ट्रीचे. ऑक्टोबरात त्यांच्याच वर्गातून दार आपटून निघालो होतो, त्यामुळे चेहरा लक्षात असणारच.
फॉर्ममध्ये एक चौकट: 'हे पत्र मी कधीही वाचायला मागणार नाही.' खूण करा म्हणे. का करू? पत्र माझ्याबद्दल, आणि मीच वाचायचं नाही? सगळे मेंढरासारखे करतात. मी नाही केली.

९ फेब्रुवारी
लिंडक्विस्टचा (सर म्हणणं आजपासून बंद) नकार. "तू वाचणार असशील तर मी लिहिणार नाही. वाचणार नसशील तर मी न लिहिण्यातच तुझं भलं आहे." भेकड!

१२ फेब्रुवारी
कामावर, टायरच्या दुकानात, मालकाला, गसला, हे सांगून बसलो. म्हणाला, "अरे, मी देतो लिहून! 'पोरगा जॅक झकास लावतो, गिऱ्हाइकावर ओरडतो त्याहून झकास!'" खदाखदा हसला. मी पाना फेकला. काच मध्ये आली.
तसाही मास्तरच हवा होता.

१३ फेब्रुवारी
कोरिनला फोन. सरप्राइज आहे, म्हणून काही बोललो नाही. ती पण गप्प गप्प. झुरतेय बिचारी.

२० फेब्रुवारी
शाळेतले कुस्तीचे कोच ब्रुनेल. "एमेट, बाळा, आधी चौकटीत खूण कर, मग बघू." मी म्हटलं, "लपवायचंय काय एवढं?" फोन मीच आधी ठेवला.

२६ फेब्रुवारी
उरल्या हॅगेन बाई, शाळेतल्या इंग्रजीच्या. मला काठावर पास करायच्या, कोरिन लाडकी. अपमान गिळून त्यांच्या घरी गेलो. बाईंनी चौकटीचं नावच काढलं नाही. "वाच की खुशाल! चार वर्षं तोंडावरच सांगत आलेय तुला. पण व्हरमाँटच का रे?" हवापाणी, म्हणालो. इथे मिनेसोटाच्या थंडीत हे कुणालाही पटतं.

१ मार्च, दुपारी तीन
बाईंचा फोन. "तुझं पत्र तयार आहे, कॉफी झाली की पाठवते. गंमत बघ, तू तिथे चाललास आणि कोरिन तिथून निघाली! तिचंही मीच लिहिलं. स्कॉटलंड. तिचा तो नवा मित्र तिथलाच ना. तुला ठाऊकच असेल म्हणा."
म्हटलं, ठाऊकच आहे.

१ मार्च, चार
सिग्नल तोडून बाईंच्या दारात. पाठवू नका म्हणालो. ओरडूनच म्हणालो.
"ओरडू नकोस, गेलं ते. शेवटचा दिवस, म्हटलं कॉफी मागाहून. आणि एमेट, वीस वर्षांत इतकं चांगलं पत्र मी कुणाला लिहिलं नाही. घेतील बघ तुला."