बाबांचं बोट

बाबांना सप्रेम जयभीम.

तुम्ही विहारात जायचं बंद केलंय, असं आई फोनवर म्हणाली. "पाय दुखून राहिले म्हणतेत." पाय दुखत नाहीत, हे मला लातुरात बसूनही कळतं.

पौर्णिमेला विहारात तुम्ही आमच्या उत्पलाच्या हाती तुमचं वंदनेचं पुस्तक दिलंत. पाच वर्षांची पोर, ओळीखालून बोट फिरवत तिनं सगळी वंदना म्हटली. "व्यंकटरावाची नात वाचायली की!" बायका म्हणाल्या. मध्येच तिनं दोन पानं एकदम उलटली, तरी एक शब्द चुकला नाही. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "हे वाचणं नव्हे, नुसतं पाठ आहे."

"आजोबा बी असंच वाचतेत," ती म्हणाली.

सगळे हसले. तुम्हीही हसलात. पुस्तक मिटताना माझ्याकडे पाहिलंत, आणि इतक्या वर्षांत न कळलेलं मला कळलं.

लहानपणी माझ्या वहीवरूनही तुम्ही असंच बोट फिरवायचात. शेवटच्या ओळीपाशी थांबून म्हणायचात, "लई बेस लिवलंस, माय." घरात कुणीतरी वाचतंय, म्हणून मी नीट लिहीत गेले. आपल्या घरातली पहिली शिकलेली मी, ती अशी झाले.

माफी मागायला हे लिहायला बसले. पण पत्र आलं, की ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. म्हणून पाठवत नाही. रविवारी अर्धापूरला येते. उत्पलाची वही सोबत आणते.

तिच्या वहीवरून बोट फिरवाल ना?

तुमची,
लुंबिनी