कुलपातली माशी

सोमवार. सकाळी ११.
आजपासून रोज डायरी. शिस्त म्हणजे शिस्त. शुक्रवारी आठला गॅरेजमध्ये ट्रायल. मिस्त्री म्हणाले, एकच जागा आहे, उशीर केलास तर घरीच बस. नोकरी खिशातच आहे, म्हणून जरा झोपलो.

मंगळवार.
बाबा सहाला उठवायला गच्चीवरच्या माझ्या खोलीत आले. काय हा छळ! नंतर दारावर एक काळी-पिवळी माशी दिसली. एकटीच. चिखलाची गोळी घेऊन कुलपाच्या भोकात शिरत होती. डोक्यात ट्यूब पेटली. खाली जाऊन बोंब ठोकली, गांधीलमाश्या! पन्नास तरी आहेत! आई कढईसकट मागे सरली. धाकटी बहीण वर जाऊन दार बघून आली आणि नुसती हसली. जळते.

बुधवार.
जिन्यावर पाटी लावली : 'पुढे माश्या. येऊ नका. सुजाल.' बाबा पाचव्या पायरीवरून हाक मारून परत गेले. आई ताटही तिथेच ठेवते. मजा आहे. कार्बोरेटरचा अभ्यास उद्या.

गुरुवार.
माशीने बाहेरच्या बाजूने एक अळी भोकात कोंबली आणि वरून लिंपून टाकलं. अभ्यास उद्या सकाळी, डोकं ताजं असतं. बाबांचा भरवसा नाही, आतून चावी फिरवून ठेवली. करकरली, पण फिरली.

शुक्रवार. ७.१०.
चावी फिरत नाही.

७.२५
चावी तुटली. अर्धी आत, अर्धी हातात. म्हणजे अर्धं काम झालं.

७.४०
खिडकीला गज. ओरडलो. बाबा पाचव्या पायरीवरून म्हणाले, गप बस, आवाजाने चवताळतात. मी म्हटलं, माश्या नाहीतच हो! बाबा आईला म्हणाले, विष डोक्यात गेलंय याच्या.

८.००
खिडकीतून ओरडून धाकटीला निरोप घेऊन गॅरेजमध्ये पाठवलंय. मिस्त्री थांबतील. माझ्यासारखा दुसरा मिळणार कुठे?

१२.३०
बादली कामाला आली. जास्त लिहीत नाही.

४.००
धाकटी आली. हात काळे, हातात पाना. निरोप ऐकता ऐकता मिस्त्रींनी तिलाच कार्बोरेटर उघडायला लावला. तिने उघडला, साफ केला, बसवला. शिकली कुठे? माझ्याच गाडीवर, मी झोपलेला असताना. जागा एकच होती.
तिने बिजागऱ्या खोलून दारच उतरवलं. म्हणाली, ही कुंभारीण माशी, एकटी राहते, उगाच कुणाला डसत नाही, मंगळवारीच ओळखली होती. मी म्हटलं, मग सांगायला वर का नाही आलीस? म्हणाली, पाटी होती ना, येऊ नका.

६.००
दार भिंतीला टेकवलंय. बाबा येऊन विचारून गेले, उद्या सहा की साडेपाच?
कुंभारीण आली होती. कुलपावर एक चक्कर मारली, माझ्याकडे पाहिलंही नाही. थांबली नाही. तिला काम होतं.