टपरीमागची बाई

बालचिक, ४ ऑक्टोबर १९९३

लाडक्या वेस्का,

तुझं पार्सल मिळालं. लोकर छान आहे, रंग मात्र तुला शोभणारा, मला नाही. यंदा मिरच्या भाजून, सोलून बरण्या भरल्या. तू नव्हतीस, त्यामुळे बोटं माझी एकटीचीच पोळली. थंडी अजून पडलेली नाही. आम्ही ठीक आहोत.

मेतोदीही ठीक. म्हणजे हिंडतोय-फिरतोय. सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून जातो तो जेवायलाच उगवतो. त्याचं वेड तुला ठाऊक आहे. दोन धुराड्यांच्या बरोबर मधे होडीची डोलकाठी आली पाहिजे, पाववाल्याच्या खिडकीतले पाव आणि बाहेर रांगेतल्या बायकांची डोकी एका रेषेत आली पाहिजेत. ती येईपर्यंत हा जागचा हलत नाही. एखादं मांजर मधे येऊन बसलं तर ते स्वतःहून उठेपर्यंत थांबतो, हाकलतसुद्धा नाही. आमच्या लग्नात फोटोवाल्याला बाजूला सारून यानेच पाहुणे उभे केले होते, आठवतं? एका बाजूला आई, आणि तिचं वजन भरून काढायला दुसऱ्या बाजूला दोन काका! आईने तो फोटो शेवटपर्यंत भिंतीवर लावू दिला नाही.

तेव्हा वेड जुनंच. पण हल्ली काहीतरी वेगळं चाललंय, वेस्का. दोन भरल्या मिरच्या वाढल्या तर एक खातो, दुसरीला हातही न लावता ताट सारतो. "पोट भरलं?" विचारलं तर "संपवलं की," म्हणतो. बाहेर कोणीतरी वाढत असणार. माझ्या हातची मिरची टाकून उठणारा हा माणूस नव्हे. दाढी करतो तीही घाईघाईत, एक गाल तसाच. परवा दाराला खांदा आपटला, सकाळी नऊ वाजता! तोंडाचा वास घेऊन पाहिला, रकियाचा थेंबही नव्हता. आणि जेवताना शेजारी बसून मी बोलत असते, हा खिडकीकडे तोंड करून बसतो.

शेजारची गान्का रस्त्यात त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून गेली, "कसं काय, मेतोदी?" म्हणाली, तर हा भलतीकडेच बघायला लागला. गान्का म्हणते, "अगं, पुरुषाच्या डोक्यात दुसरी शिरली की शेजारीण दिसेनाशी होते आणि मग बायको." तिचा नवरा दोनदा पळून गेलाय, तिला कळतं यातलं.

ऑगस्टमध्ये तू इथे होतीस तेव्हा रोज सकाळी त्याच्याबरोबर बंदराच्या धक्क्यावर जायचीस. तो काही बोलला का? कोणाविषयी? मी आपलं सहज विचारते.

तुझी ताई,
तेमेनुगा


बालचिक, २० ऑक्टोबर

वेस्का,

पत्र मिळालं. चार ओळींचं. "मला तो दमलेला वाटला, एकदा डॉक्टरांना दाखव," असं लिहितेस. दमलेला! कशाने दमला ते मात्र लिहिलं नाहीस. आणि पायऱ्या उतरताना त्याने तुझा दंड धरला होता, हे आता लिहितेस, मला तेव्हाच का नाही सांगितलंस? माझा दंड त्याने शेवटचा कधी धरला ते मला आठवतही नाही.

मी तुला काही म्हणत नाही हं. तू माझी बहीण आहेस. तुझा नवरा गेला, तू एकटी आहेस, अजून कमरेत बारीक आहेस, केस रंगवतेस. रंगव, तुझा हक्क आहे. मी एवढंच म्हणते की तू गेल्यापासून हा असा झालाय.

काल मी त्याच्या मागे गेले. हो, गेले. डोक्याला रुमाल बांधला, गान्काचा काळा कोट घातला आणि निघाले. धक्क्यावरची बिअरची टपरी आता बंद असते, तिच्या आडोशाला उभी राहिले. हा आपला होड्यांकडे तोंड करून उभा. एक पाऊल मागे, अर्धं पाऊल बाजूला, त्याचं नेहमीचं. बराच वेळ कोणी आलं नाही. बाई नाही की बाईची सावली नाही. मला माझीच लाज वाटायला लागली होती, आणि तेवढ्यात त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि जरा माझ्या बाजूला वळला.

मी टपरीमागून अर्धी बाहेर आलेली. आमच्यामधे एका गल्लीइतकंही अंतर नव्हतं. आता हा ओरडणार म्हणून माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याने चाप दाबला, कॅमेरा खाली घेतला आणि शीळ घालत निघून गेला.

घरी आल्यावर मी वाट बघत राहिले, आता बोलेल, मग बोलेल. शेवटी मीच विचारलं, "कुठे होतास?"

"धक्क्यावर. आज काय जमलंय, तेमे! सगळं एका रेषेत."

"कोणी भेटलं?"

"कोण भेटणार? धक्का रिकामा होता."

चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला पाहिलं, माझा फोटो काढला आणि गिळून बसला! एवढा पक्का लबाड माझ्या घरात राहतो आणि मला आजवर पत्ता नव्हता. जो हे लपवू शकतो तो काय काय लपवत असेल?

तुला फोन करणार होते, पण फोन त्याच्या खुर्चीच्या डोक्यावरच आहे. म्हणून लिहूनच विचारते. ती तू आहेस का, वेस्का? हे वाक्य मी दोनदा खोडलं. आता राहू देते.

तेमेनुगा


बालचिक, १० नोव्हेंबर

वेस्का, माझ्या बाळा,

तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच केलंस. तरी हे पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात मेतोदीच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. वाचनालयाच्या झ्लातकाबाईंनी मोठ्या हौसेने मांडलं होतं. मी चीजची बानित्सा भाजून नेली आणि लोकांनी फोटो सोडून आधी तिचाच फडशा पाडला. मी दाराशी उभी होते, तेवढ्यात आतून गान्का किंचाळली, "अगं बाई, हा तर माझा कोट!"

मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठी चौकट. उजव्या बाजूला दिव्याचे खांब, डोलकाठ्या आणि मागची कड्याची कड, असं जुळवलेलं की दोरी धरून लावल्यासारखं. आणि डावीकडे कचऱ्याचा डबा, एका कुत्र्याचं नुसतं ढुंगण, आणि टपरीमागून डोकावणारी, तोंड वासलेली मी.

सगळा गाव हसला. कोणीतरी ओरडलं, "काय तेमेनुगा, कम्युनिस्ट सरकार गेलं, आता पाळत ठेवायचा पगार कोण देतं?" झ्लातकाबाई सगळ्यांना समजावत होत्या, "किती धाडस आहे बघा! इथे तोल मुद्दाम मोडलाय." त्यावर मेतोदी अगदी गंभीरपणे म्हणाला, "मोडलाय? कुठे मोडलाय?" लोक आणखी हसले. तो हसत नव्हता, हे मी पाहिलं. पण मी तेव्हा रागाने आंधळी झाले होते. वाटलं, मागे आले म्हणून हा सूड उगवतोय. मी ती चौकट भिंतीवरून उतरवली, काखेत मारली आणि घरी आणून टेबलावर आपटली.

"गावासमोर माझं माकड केलंस!"

"मी? कसं काय?"

"ही कोण आहे?"

"कुठे?"

मी माझ्या थोबाडावर बोट ठेवलं. तो बघत होता खांबांकडे. "बघतोय की. ही काठी आणि हा खांब, किती दिवस वाट पाहिली याची..." मी त्याची हनुवटी धरली आणि मान डावीकडे वळवली. ओढलीच म्हण. तेव्हा त्याला मी दिसले, फोटोतली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "तेमे," तो म्हणाला, "तू तिथे नव्हतीस."

तो खोटं बोलत नव्हता, वेस्का. मांजर उठेपर्यंत थांबणारा माणूस तो, समोर बायको उभी असताना चाप दाबेल का?

रात्री मी कोबीत गुंडाळलेल्या सर्मी केल्या. उजव्या बाजूच्या त्याने बोटं चाटत खाल्ल्या, डावीकडच्या तशाच. मी ताट फिरवलं. त्याचा चेहरा खुलला. "अजून होत्या होय?" म्हणाला. मी आत जाऊन, नळ सोडून रडले.

सोमवारी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्याने बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला कोंबले आणि घड्याळ पुरं झालं म्हणून पेन्सिल खाली ठेवली. उन्हाळ्यातच डोक्यात झटका येऊन गेला असावा, म्हणाल्या, कळलासुद्धा नाही. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं जग त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि पोचत नाही हे त्याला कळतही नाही. दुसरा झटका याहून मोठा येऊ शकतो. वार्नाच्या इस्पितळात लगेच दाखल करा म्हणाल्या. मग विचारलं, "एवढ्या दिवसांत कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

"माझ्या बहिणीच्या आलं होतं," मी म्हटलं.

पायरी दिसेना म्हणून त्याने तुझा दंड धरला होता. तू साध्या शब्दांत डॉक्टरांना दाखव म्हणून लिहिलंस, आणि मी त्यातून काय वाचलं! मला क्षमा कर असं लिहायलाही तोंड नाही, पण लिहिते. मला क्षमा कर.

आता तो वार्नाला जायला तयार नाही. "माझ्या फोटोत एक तरी रेघ वाकडी दाखव, मग येतो," म्हणून हटून बसलाय. कशी दाखवू? तो जेवढं बघतो तेवढ्यात सगळं सरळच आहे. मी काही म्हटलं की म्हणतो, "तू आधीच माझ्यावर पाळत ठेवतेस." माझ्या शब्दाला मी स्वतःच किंमत ठेवली नाही. तुझं मात्र तो ऐकतो. नेहमीच ऐकत आलाय, आणि त्याचा मला आयुष्यभर राग आला. आज तेवढंच माझ्या हाती आहे.

ये, वेस्का. फोनवर माझा आवाज ऐकून तू तो ठेवून देशील, म्हणून हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते. मिळेल त्या बसने ये. माझ्यावर राग असेल तर तो घेऊन ये, इथे बसून भांड, पण आधी त्याला गाडीत बसवू.

आणि घरात शिरलीस की त्याच्या उजव्या हाताला येऊन उभी राहा, मगच हाक मार. डावीकडून येऊ नकोस. तो तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही, आणि तुलाही वाटेल की या माणसाच्या मनातून आपण उतरलो.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझी ताई,
तेमेनुगा