भयमुक्त शाळा, पहिली ते चौथी

१९ नोव्हेंबर २०१८, सोमवार
दिवाळीनंतर शाळा उघडली. पटावर त्रेचाळीस, हजर सव्वीस. कारण भूकंप. या महिन्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन मधूनच हलते. आधी भुईतून गडगड आवाज, मग पत्रे थरथरतात, संपलं. दोन-तीन सेकंदांचा मामला. पण लोक पार बिथरलेत. पाड्यावर निम्मी घरं ओस, माणसं अंगणात प्लास्टिक ताणून राहतात.
केंद्रप्रमुखांनी मीटिंग घेतली. प्रत्येक शाळेने मुलांना आणि पालकांना मानसिक आधार द्यायचा, त्यासाठी एक शिक्षक नेमायचा. आमच्याकडे शिक्षक दोनच. मुख्याध्यापक मी, आणि सुषमा बाई. बाई स्वतःच घाबरट. जरा खुट्ट झालं की पहिली-दुसरीला घेऊन मैदानात. त्यामुळे मीच.
जमेल मला. आम्ही डहाणूचे तांडेल. घराण्यात भीती नाही. बाबांनी तुफानातून होडी परत आणलीय. मी होडीत बसत नाही ते मळमळतं म्हणून. तो विषय वेगळा.
संकल्प: २६ जानेवारीपर्यंत तालुक्यातली पहिली भयमुक्त शाळा.

२० नोव्हेंबर, मंगळवार
माझ्या वर्गात, म्हणजे तिसरी-चौथीच्या खोलीत, फळ्याशेजारी भिंतीला तडा आहे. बोट जाईल एवढा. मुलं गणित सोडून तिकडेच बघतात. म्हणून त्यावर मोठा चार्ट लावला: ‘भिऊ नका, गुरुजी आहेत.’ रंगीत.
खिचडी शिजवणारी बुधीबाई बघून म्हणाली, तडा कागदाला भिल का गुरुजी? तिला मानसशास्त्र माहीत नाही.
सुषमा बाई म्हणाल्या, इमारतीचा फॉर्म आलाय त्यात तड्याचं लिहा, आणि तोवर वर्ग मैदानातल्या जांभळीखाली घेऊ. मी म्हटलं, बाहेर बसवलं की मुलांना वाटणार काहीतरी धोका आहे. फॉर्मवर लिहिलं, ‘इमारत: समाधानकारक.’ भयमुक्त शाळेची इमारत धोकादायक कशी असेल?

२८ नोव्हेंबर, बुधवार
पहिली केस मिळाली. काळी, इयत्ता तिसरी. वर्गात येत नाही. व्हरांड्याच्या पायरीवर खांबाला पाठ लावून बसते, तिथूनच फळ्यावरचं उतरवून घेते. दिवाळीपासून शाळेत एक शब्द बोललेली नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, मूल धक्क्याने मुकं होऊ शकतं.
वीस मिनिटं समुपदेशन केलं. वीस मिनिटं मी बोललो. ती ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. आजार गंभीर दिसतो.

५ डिसेंबर, बुधवार. दुपारी ४
काळीच्या घरी गृहभेट. बाप लाहू, बोर्डीकडे चिकूच्या वाडीत मजुरीला जातो. आई रखमी, कडेवर चार महिन्यांचं बाळ. घराची मागची भिंत कलली आहे. चूल बाहेर, कपडे बाहेर, सगळं बाहेर.
लाहू म्हणाला, गुरुजी, आम्ही उंबरगावकडे जातो. तिकडं काम हाय. पोरीलाही नेतो.
म्हणजे काळीची शाळा सुटली. पट बेचाळीस. मी चाळीस मिनिटं समजावलं. म्हटलं, बायकापोरांना घेऊन पळून जाणं शोभतं का? माझ्याकडे बघ.
लाहूने माझ्याकडे बघितलं. मग मोटारसायकलकडे बघितलं. ती मी तोंड रस्त्याकडे करून, चालूच ठेवली होती. बॅटरी वीक आहे.
रखमी म्हणाली, गुरुजी सांगतात तर काय धोका नसल. लाहू म्हणाला, ऱ्हातो.
माझं पहिलं मोठं यश. परतताना रानशेतच्या वळणावर परत धक्का बसला असावा. किंवा खड्डा होता.

१४ डिसेंबर, शुक्रवार
हंसाला, म्हणजे आमच्या मंडळींना, आजकाल धीर द्यावा लागतो. तिच्यासाठी मी खाट अंगणात काढली. ती मात्र घरातच निजते. म्हणते, मला पहाटे बोंबील घेऊन बाजाराला जायचंय, मला झोप पाहिजे, तुम्ही करा पहारा. करतोय.
वर्गातही खुर्ची टेबलापासून काढून दारात घेतली. दारात वारा चांगला येतो. सुषमा बाईंनी खुर्चीकडे पाहिलं.

३ जानेवारी २०१९, गुरुवार
हजर पस्तीस! सुट्टीत रजिस्टर दोनदा तपासलं.
कारणही कळलं. बुधीबाईने मुलांच्या आयांना बोलावलंय. त्या तान्ह्या पोरांना घेऊन जांभळीखाली बसतात, तांदूळ निवडू लागतात आणि धक्क्यांबद्दल बोलतात. कुणाची भांडी पडली, कुणाची म्हातारी दचकून पडली. एक बोलते, बाकीच्या ऐकतात, मधूनच हसतात सुद्धा. आया समोर दिसतात म्हणून मुलं शांत बसतात, असं सुषमा बाईंचं म्हणणं.
मला पटलं नाही. भीतीबद्दल बोललं की भीती पसरते. आयांना घरी पाठवलं. शाळेच्या आवारात ‘भूकंप’ शब्द वापरायला बंदी. अगदीच गरज पडली तर ‘ते’ म्हणायचं.

७ जानेवारी, सोमवार
हजर सत्तावीस. थंडी फार आहे यंदा.
मुलांनी नवीन खेळ काढलाय. एक जण ‘ते आलं!’ ओरडतो, बाकीचे पळतात.

२१ जानेवारी, सोमवार
आज दोनदा. सकाळी प्रार्थनेच्या वेळी, मग साडेअकराला. चार्टच्या खालून तडा बाहेर आलाय, आता जमिनीपर्यंत. चार्ट मोठा करावा लागेल.
सुषमा बाईंनी भिंतीबद्दल तालुक्याच्या ऑफिसला पत्रच लिहून आणलं. फक्त सही करा म्हणाल्या. आवाज जरा चढला होता. मी म्हटलं, २६ जानेवारीला केंद्रप्रमुख येतील, त्यांच्यासमोर शाळा भयमुक्त जाहीर करायची आहे, पाच दिवस थांबा. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. कुलूप लावलं. कुलूप का लावलं माहीत नाही.

२६ जानेवारी, शनिवार
केंद्रप्रमुख आले नाहीत. तरी जाहीर केलं. टाळ्या मध्यम. काळी पायरीवरच. मी भाषणाला उभा राहिलो तर तिने पुन्हा ओठांवर बोट ठेवलं.
पत्र सोमवारी पाठवायचं.

३० जानेवारी, बुधवार
पत्र उद्या. आज ड्रॉवरची किल्ली घरी राहिली.

१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६
व्यवस्थित लिहून ठेवतो, नंतर उपयोगी पडेल.
दुपारी दोनच्या सुमारास भागाकार चालू होता. काळी पायरीवरून ओरडली, भायेर! भायेर निंगा! अडीच महिन्यांत तिचा पहिला शब्द. म्हणजे समुपदेशन यशस्वी.
मग भुईतून आवाज आला. आजवरचा सगळ्यात मोठा. मग ते.
मी मैदानात पोहोचलो तेव्हा मैदान सुरक्षित होतं. हे कुणीतरी आधी जाऊन तपासणं गरजेचंच असतं. वळून पाहिलं तर मैदानात मी एकटा होतो.
वर्गाच्या दारात माझी खुर्ची आडवी पडली होती. बहुधा मी उठताना. तिच्यापलीकडे मुलं एकमेकांवर रेटत होती, रडत होती. पुढचा एक पडलेला, मागचे त्याच्यावर. काळीने खुर्चीचा पाय धरून ओढला. एकटीला ओढवेना. बुधीबाई कालथ्यासकट धावली, दोघींनी खुर्ची भिरकावली. सुषमा बाई आपली मुलं काढून परत फिरल्या आणि एकेकाला दंडाला धरून बाहेर देत होत्या, मोजत होत्या. चौदा, पंधरा, सोळा. सतरावी येईना.
मी तिथेच उभा. पाय हलत नव्हते. पळताना मात्र हलले होते.
बाई आत गेल्या. फळ्याशेजारचं प्लास्टर चार्टसकट खाली आलं होतं. सतरावी वर्षा होती, चौथीतली. बाईंनी तिला उचलून आणलं. कपाळातून रक्त. शुद्धीवर होती.
माझ्या हातात मोटारसायकलची किल्ली होती. ती खिशातून कधी काढली ते आठवत नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार
वर्षाला तीन टाके. बाकी ठीक आहे, डॉक्टर म्हणाले.
अपघाताचा अहवाल लिहायला घेतला. ‘मुख्याध्यापकांनी प्रसंगावधान राखून मैदानात’ इथपर्यंत आलो. खोडलं. ‘मुख्याध्यापक गेट उघडण्यासाठी पुढे गेले’ लिहिलं. शाळेला गेट नाही. खोडलं.
वर्षाकडे जाऊन आलो. तिची आजी बायजी बाहेर आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा दिला. वर्षाने विचारलं, गुरुजी, तुम्हाला कुठं लागलं का?
नाही म्हणालो. खरंच होतं ते.
घरी हंसाला सांगितलं, गेट उघडायला गेलो होतो. ती बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, तुमच्या वडिलांनी त्या तुफानानंतर दोन वर्षं होडीला हात लावला नव्हता, माहीत आहे ना? आई सांगायच्या मला.
मला माहीत नव्हतं.

४ फेब्रुवारी, सोमवार
पालकसभा. जांभळीखाली. इतके पालक मी कधीच बघितले नव्हते, बाप्येसुद्धा मजुरी सोडून आलेले. भाषण लिहून नेलं होतं, ‘धैर्य आणि आपण’. मार बसेल असं वाटत होतं.
लाहू उठला. म्हणाला, आम्ही जाणार होतो. तुम्ही म्हणलात म्हणून ऱ्हायलो. तुमची खुर्ची माझ्या पोरीनं वढली. आवाज चढवला नाही त्याने. मग विचारलं, गुरुजी, तुमाला भ्या वाटते का?
 सुषमा बाई खाली बघत होत्या. मी भाषणाचा कागद खिशात घातला.
हो म्हणालो. पहिल्या दिवसापासून. खाट अंगणात हंसासाठी नाही. खुर्ची वाऱ्यासाठी नाही. भिंतीचं पत्र ड्रॉवरमध्ये आहे, तेही सांगितलं. मग बसलो.
एक बाप उठून शिव्या घालून निघून गेला. बरोबर होतं त्याचं.
लाहू मात्र तिथेच खाली बसला. म्हणाला, दोन महिने जेवताना माझा हात कापते. घरी कुणाला बोललो नाय. वाटलं, गुरुजी भीत नाय, घरदार सोडून येवढ्या लांबून रोज येतात, म्हंजे मीच एकटा भितरा. रखमीने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग कडेवरच्या बाळाकडे. म्हणाली, माझं दूध आटलं तवा मी पन नाय बोलली.
मग सगळेच बोलायला लागले. दीड वाजेपर्यंत. मी फक्त ऐकलं. नोकरीला लागल्यापासून मी एवढा वेळ गप्प बसल्याचं आठवत नाही.
मधेच काळीला विचारलं, शाळेत बोलत का नव्हतीस? म्हणाली, आवाज पयला येते, मग हलते. बोलली तं आयकू नाय येत. तुमाला बोटानं किती वेळा सांगितला गप ऱ्हावा म्हनून.
ड्रॉवर सगळ्यांसमोर उघडला. सही केली. फॉर्मवर ‘समाधानकारक’ खोडून ‘धोकादायक’ लिहिलं. लाहू स्वतः पत्र घेऊन गेला. माझ्या हाती द्यायला तयार नव्हता.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
पालकांनी मैदानात मांडव घातला. तीन बाजूंनी कुडाचा आडोसा, एक बाजू उघडी. आया पुन्हा येतात. मानसिक आधाराचं काम सुषमा बाईंकडे दिलं. खरं तर त्यांनी घेतलं. हजर अडतीस, कपाळाला पट्टी बांधून वर्षाही.
लाहूचं कुटुंब गेलेलं नाही. जाणार की नाही ते अजून ठरलेलं नाही, आणि या वेळी मी काही सांगितलं नाही.
जमीन हलली तर मांडवातून कुणी कोणत्या क्रमाने निघायचं ते मुलांनी आज मिळून ठरवलं. पहिलीची आधी, मग दुसरी, तिसरी, चौथी, मग सुषमा बाई. यादी वाचली. सगळ्यात वर माझं नाव.
मी म्हटलं, मुख्याध्यापक शेवटी निघतात.
काळी म्हणाली, नाय गुरुजी, तुमीच पयले जा. नायतं बारक्यांना तुडवाल.
मत घेतलं. सगळे हात वर. मीही केला.