रद्दीतलं इंग्रजी

१ डिसेंबर. सकाळी ७
आजपासून इंग्रजी. रोज दहा शब्द. साधन घरातच आहे. दुकानात पुड्या बांधायला वर्ध्याहून रद्दी येते, तिच्यात इंग्रजी पेपर बरेच. इतकी वर्षं मी त्यात हळद बांधली. गावानं केवढं ज्ञान घरी नेलं आणि चुलीत घातलं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे, म्हणून फक्त राजकारणाच्या बातम्या वाचायच्या. सोबत जनरल नॉलेज फुकट.
वही घेतली. दोनशे पानी. शंभर पानी पुरली नसती.
आजचे शब्द: कँडिडेट, मॅनिफेस्टो, इन्कम्बंट. तीनच झाले. मधे गिऱ्हाईक होतं.

३ डिसेंबर
इन्कम्बंट म्हणजे खुर्चीवर बसलेला. उदाहरणार्थ आपले सरपंच अण्णाजी. तानबाला समजावून सांगितलं. तानबा रोज सकाळी बिडीबंडल घ्यायला येतो आणि तासभर बाकड्यावर बसतो. वय बहात्तर, शाळेची पायरी चढलेला नाही. माझा पहिला विद्यार्थी. त्यानं विचारलं, खुर्चीवर बसलेला उठतच नसंल तर त्याले काय म्हणते. तो शब्द बातमीत पुढे असणार, पण अर्धं पान काल मोहरीबरोबर गेलं.
बायकोला बजावलं, निवडणुकीची पानं फाडायची नाहीत. मग मोहरी ओंजळीत देऊ का, असं तिनं विचारलं. या घरात शिक्षणाला वातावरण नाही.

५ डिसेंबर. दुपार
गावची आशा वर्कर काजल आली होती. खालच्या मोहल्ल्यात नळाला वास येतो म्हणाली. टाकीचा पाइप नालीतून जातो, तिथंच फुटलाय. दोन घरी हगवण आहे. अण्णाजींना सांगून झालं, ते बघतो म्हणतात.
"बंडूभाऊ, तुमी शिकलेले माणूस. चार ओळींचा अर्ज लिहून द्या. सह्या मी आणीन."
लगेच होकार दिला. मात्र मराठी अर्ज कोण वाचतो? साहेबाच्या टेबलावर मराठीचा ढीग असतो. इंग्रजी एकच असेल, तो वर राहील. तिला तीन दिवस मागितले.

८ डिसेंबर
वहीच्या एका पानावर अर्जाची सुरुवात झाली. 'रिस्पेक्टेड सर', स्वल्पविराम. अक्षर फार सुरेख आलं. पुढे अडलो. पाइपला इंग्रजीत पाइपच म्हणतात, हे बरं. पण नालीसाठी शब्द सापडेना. लँडस्लाइड सापडला, अलायन्स सापडला, अब्स्टेन सापडला. इतक्या राजकारणात नालीचा उल्लेख कुठेच नाही, याचं नवल वाटतं. तानबा म्हणाला, नालीच लिहून टाका, साहेबाले समजते. तानबाची झेप तेवढीच.
काजल येऊन गेली. उद्या ये म्हटलं.

९ डिसेंबर. सकाळी १०
मोठा शोध. साबुदाण्याच्या कागदावर. कोड ऑफ कंडक्ट. म्हणजे आचारसंहिता. निवडणूक जाहीर झाली की सरकारला नवं काम काढता येत नाही. म्हणजे आता अर्ज करून उपयोग नाही. किंबहुना अर्ज करणंच गुन्हा असावा. थोडक्यात वाचलो. आळशीपणा म्हणून ज्याला बायको नावं ठेवत होती, ती माझी कायद्याची जाण निघाली.
काजलला बोलावून सांगितलं. मतमोजणी वीस तारखेला, तोवर थांब. ती म्हणाली, फुटका पाइप जोडणं नवं काम कसं काय. मी कागद पुढे केला. तिनं थोडा वेळ अक्षरं लावून पाहिली.
"तुमी वाचलं म्हणजे असंन," म्हणाली आणि गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अण्णाजी स्वतः दुकानात आले. कधी नव्हे ते बाकड्यावर बसले. तुम्ही लोकांना कायदा समजावून सांगता असं ऐकलं, म्हणाले. अशी माणसं आपल्या पॅनलला पाहिजे. प्रचाराचं पत्रक मीच लिहायचं ठरलं.
नऊ दिवसांत इंग्रजीनं फळ दिलं. लोक उगाच क्लास लावतात.

१२ डिसेंबर
सात घरी हगवण. दुकानातली ओआरएसची पाकिटं संपली, देवळीहून आणली. आमच्याकडे बोअर आहे, त्यामुळे नळाच्या वासाचा मला प्रत्यक्ष अनुभव नाही. म्हणूनच निष्पक्ष मत देता येतं.
बायको म्हणाली, आपल्या बोअरला नळी लावून खालच्या मोहल्ल्याला पाणी देऊ. मी तिला समजावलं. मी आता अण्णाजींच्या पॅनलचा माणूस. मतदान तोंडावर असताना मतदारांना काही वाटणं म्हणजे आमिष. पाणीसुद्धा. ती माझ्याकडे बघत राहिली. बोलली नाही. याला अब्स्टेन म्हणतात, म्हणजे मत न देणं.

१४ डिसेंबर
तानबा आला नाही.
शब्द: टर्नआउट. म्हणजे किती लोक आले ते. आज बाकड्यावर शून्य.

१५ डिसेंबर
तानबालाही हगवण. वर्ध्याला नेलंय, सलाइन लावलंय. काजलनंच रात्री गाडी बघितली. तिनं हे दुकानाबाहेर उभं राहून सांगितलं, आत आली नाही. भेटायला जाणारच होतो, पण पत्रकाचा मजकूर दुपारपर्यंत द्यायचा होता. उद्या पहिल्या बसनं नक्की. त्याच्यासाठी शब्द काढून ठेवलाय: रिकव्हरी.

१६ डिसेंबर
पहिली बस चुकली. दुसरीला गर्दी होती.
दुपारी खालच्या मोहल्ल्यात दोन माणसं आली, नाली उपसली आणि संध्याकाळपर्यंत पाइप जोडून गेली. काजल सकाळीच तालुक्याच्या ऑफिसात गेली होती म्हणे. वहीच्या कागदावर तीन ओळी, मराठीत. खाली चाळीस सह्या. साहेबांनी उभ्या उभ्या वाचल्या. पिण्याच्या पाण्याच्या दुरुस्तीला आचारसंहिता आडवी येत नाही, म्हणाले, हे कालही झालं असतं, आठ दिवसांआधीही झालं असतं.
हे सांगायला ती दुकानात आली. या वेळी आत.
"साहेब म्हणे, थांबा म्हणून कोणं सांगितलं तुमाले. मी नाव नाई घेतलं तुमचं."
खरं म्हणजे घ्यायला हवं होतं. तेवढीच साहेबांशी ओळख झाली असती.
ती गेल्यावर साबुदाण्याचा कागद पुन्हा काढला. पेपर दोन वर्षांपूर्वीचा. बातमी दुसऱ्याच राज्याची. बाकीचा मजकूर फाटलेल्या भागात होता. यात वाचणाऱ्याचा काय दोष? रद्दीवाल्याला तारखेनुसार गठ्ठे लावायला सांगायचं. नोंद करून ठेवली.

१८ डिसेंबर
पहाटे तानबा गेला.
सामान आमच्याच दुकानातून. गुलाल, अगरबत्ती, कापूर. रद्दी संपली होती. बायकोनं हात लांब करून माझी वही ओढली आणि पानं फाडायला लागली. सुरुवातीपासून. मॅनिफेस्टोत गुलाल बांधला, लँडस्लाइडमध्ये अगरबत्ती. कोरी पानं मागे होती, ती फाड, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.
घाटावर कापराची पुडी तानबाच्या पुतण्यानं, श्रावणनं सोडली. कागद सरळ करून पाहिला. दोनच शब्द, पुढे स्वल्पविराम, खाली सगळं पान कोरं. अक्षर खरंच सुरेख होतं.
"बंडूजी, काय लिवलं आहे याच्यात?"
काही नाही, म्हटलं.
मग त्यानं तोच कागद पेटवून कापराला लावला.